ठिपक्यांतली कमान

आंब्याचा सीझन संपतो, पेट्या मुंबईला जातात, तरी घरात पेंढा सापडतच राहतो. कपाटामागे सापडतो, चपलेत सापडतो, एकदा तर मला देव्हाऱ्यात सापडला होता! आमच्या डिपार्टमेंटच्या किश्श्यांचं तसंच आहे. मुद्दाम कुणी जमवले नाहीत. पण चहाला बसलं की कुठून तरी एक काडी बाहेर येते, ती ओढावी तर तिच्यामागून आणखी चार.

डिपार्टमेंट म्हणजे रत्नागिरीतल्या एका कॉलेजचं फिजिक्स. आम्ही तिथे आकाशाचे एक्स-रे फोटो बघतो. हे आधीच नीट सांगितलेलं बरं, कारण माझ्या सासूबाईंनी पुष्कळ दिवस वाट बघून शेवटी मला त्यांच्या गुडघ्याची फिल्म आणून दिली होती. "तू रोज बघतेस ना, मग घरचं एक बघायला काय होतं?"

तर गुडघ्याचे नव्हेत, आकाशाचे. ते एक्स-रे हवेत अडतात, म्हणून त्यांची दुर्बीण उपग्रहावर असते. तिने काढलेले फोटो काही काळाने साऱ्या जगाला फुकट मिळतात. लाईट असेल आणि नेट चालू असेल तर रत्नागिरीत बसूनही उतरवून घेता येतात. मात्र फोटो म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे येतं, तसं त्यात काही नसतं. एक्स-रे इतके तुरळक येतात की प्रत्येकाचा एकेक ठिपका पडतो. काळ्या फळ्यावर डस्टर झटकावं तसे ठिपके! कुठे दाट, कुठे विरळ. आता जिथे दाट दिसतंय तिथे खरंच काही आहे, की ठिपके आपले योगायोगाने शेजारी पडलेत? योगायोग असेल तर त्याला म्हणायचं नॉइज, खरं असेल तर स्ट्रक्चर. आमचं काम एवढंच, आणि आमची भांडणंही एवढ्यावरूनच.

भांडणारे आम्ही चौघं. आगाशे सर हे हेड. त्यांना सगळ्यात सगळं दिसतं. रेगे इलेक्ट्रॉनिक्सचे, कॉम्प्युटरची बाजू त्यांची. दिवसाला मोजकी वाक्यं बोलतात, त्यातली निम्मी मासळीबद्दल असतात. तिसरी मी, स्टॅटिस्टिक्स शिकवणारी. मला कशातच काही दिसत नाही म्हणून माझं नाव विरजण मॅडम. आणि चौथी संपदा, लांज्याच्या आतल्या गावातून आलेली, सरांकडे पीएचडी करणारी मुलगी.

संपदाची एक कमान होती. एका दीर्घिकांच्या पुंजक्याभोवती, म्हणजे क्लस्टरभोवती, तापलेला वायू असतो, त्याच्या एका कडेला तिला ठिपक्यांची एक पुसट कमान दिसली होती. ती खरी असेल तर तिथे कधीकाळी दोन पुंजके आदळले, त्याची लाट अजून पसरतेय, असा अर्थ. तिचा अख्खा थीसिस त्या कमानीवर उभा होता. नॉइज असेल तर सगळी मेहनत भाट्याच्या खाडीत! त्यात सर येत्या मे महिन्यात रिटायर होणार. त्यांच्यानंतर इथे गाईड कोणी नाही, म्हणजे नव्याने सुरुवात करायची तर मुंबई नाहीतर पुणं. संपदाला जायचं नव्हतं. "मॅडम, आमच्याकडचे सगळेच जातात. मी एक तरी ऱ्हाते," असं ती म्हणायची.

आणि सरांनी स्वतःच नियम करून ठेवलेला, की विरजण मॅडमनी सही केल्याशिवाय इथून एकही शोध बाहेर जाणार नाही. संपदाच्या कमानीवर माझी सही अजून झाली नव्हती. गणित काठावर येत होतं, पार होत नव्हतं. जिना चढताना ती समोरून आली की मी उगाच मोबाईल काढायचे.

*

सरांनी हा नियम का केला, तो पहिला किस्सा.

मी नवीन होते तेव्हा सर एकदा मला हाताला धरूनच लॅबमध्ये घेऊन गेले. स्क्रीनवर एक फोटो होता.

"बघा मॅडम! काय दिसतंय?"

"ठिपके."

"अहो ठिपके कसले! ही बघा शेपटी. हे मधलं भगदाड. वायू कसा ढवळून निघालाय बघा!"

मी म्हटलं, पाच मिनिटं द्या. माझ्या कॉम्प्युटरवर गेले, त्याला हवे तसे, हवे तिथे ठिपके टाकायला सांगितले, आणि ते चित्र आणून सरांच्या पुढ्यात ठेवलं. सर खुर्चीच्या टोकावर आले. पेन्सिल घेतली. दोन शेपट्या काढल्या, एक वर्तुळ काढलं, कोपऱ्यात बाण करून 'टक्कर?' असं लिहिलं.

"मॅडम, हा कुठला क्लस्टर?"

"माझ्या कॉम्प्युटरमधला, सर. आत्ताच केला. त्यात काही नाहीये."

दुसरा कोणी असता तर पुढे वर्षभर माझ्याशी बोलला नसता. सर एकदा चित्राकडे बघतात, एकदा माझ्याकडे. मग अगदी कळवळून म्हणाले, "छान आहे हो पण! याचा आणखी डेटा मिळेल का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सहीचा नियम केला.

*

सरांचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे स्मूदिंगचं बटण. ठिपके थोडे पसरवले, एकमेकांत मिसळू दिले की चित्र गुळगुळीत होतं, त्याला स्मूदिंग म्हणतात. कमी केलं तर ठिपकेच राहतात, जास्त केलं तर सगळ्याचं एकच घावन होतं. सर ते बटण हवं ते दिसेपर्यंत फिरवत बसायचे. म्हणून रेग्यांनी सरांच्या हातून माउस काढून घेतला, कायमचा.

सर हार मानणारे नव्हेत. त्यांनी स्वतःची पद्धत काढली. लॅबच्या दारापर्यंत मागे जायचं, चष्मा काढायचा आणि तिथून प्रोजेक्टरचा स्क्रीन बघायचा! "नजर अंधुक झाली की ठिपके आपोआप मिसळतात. रेगे, तुमच्या सॉफ्टवेअरची गरज काय?" आणि खोटं कशाला सांगू, पद्धत चुकीची नव्हती. मला ते कबूल करायचं नव्हतं, एवढंच.

एकदा सर असेच दारात उभे, चष्मा हातात, डोळे बारीक. इतक्यात पलीकडच्या दाराने प्राचार्य आत आले आणि स्क्रीनसमोर उभे राहून काही विचारणार, तोच सर ओरडले, "अहो रेगे, डोकं बाजूला घ्या की! अख्खा क्लस्टर झाकलात!"

रेगे माझ्या शेजारी बसले होते. आम्ही दोघंही खुर्चीत गोठलो.

प्राचार्य सरांचेच जुने विद्यार्थी. एकदम बाजूला झाले, भिंतीला पाठ लावून उभे राहिले, आणि सरांनी चष्मा घालेपर्यंत हातातली फाइल छातीशी धरून तसेच उभे होते.

"सॉरी सर," ते म्हणाले. सर नव्हे, प्राचार्य!

*

पावसाळ्यात आमच्याकडे चपलेला बुरशी येते, पट्ट्याला येते, एका वर्षी तर रेग्यांच्या हेल्मेटला आली होती. त्या वर्षीच्या ऑगस्टमधली ही गोष्ट.

सरांना एका फोटोत तंतू सापडला. नाजूक, फांद्या फुटलेला, एका कोपऱ्यातून निघून मध्यापर्यंत गेलेला. या खेपेला गंमत अशी, की तो मलाही दिसत होता! संपदालाही दिसत होता. रेगे तेवढे स्क्रीनकडे न बघता आकडे बघून म्हणाले, "डेटात तिथे काही नाही."

"मग डेटा चुकला असेल," सर म्हणाले.

सगळा आठवडा तोच फोटो लावून भांडण. सर तंतूच्या बाजूने, मी नाइलाजाने सरांच्या बाजूने, रेगे आकड्यांच्या बाजूने. मी सरांच्या बाजूने आहे याचाच सरांना इतका आनंद झाला होता की ते दोन्ही वेळचा चहा मला पाजत होते.

मग अ‍ॅडमिशनची मीटिंग आली. हॉलमधला प्रोजेक्टर बिघडला म्हणून आमचा नेला. दिवे बंद झाले, पडद्यावर पहिली स्लाइड आली, प्राचार्यांचा हसरा फोटो. आणि प्राचार्यांच्या डाव्या कानातून निघून नाकापर्यंत गेलेला, नाजूक, फांद्या फुटलेला तंतू!

सर भर मीटिंगमध्ये उभे राहिले. "अरे! हा इथेही आहे!"

सगळा स्टाफ सरांकडे बघायला लागला. अंधारातून रेग्यांचा शांत आवाज आला, "लेन्सला बुरशी आलीय, सर. पुसून घेतो."

*

संपदा आली तेव्हा ती सरांच्याच वळणावर जाणार असं मला वाटलं होतं. आल्या आल्या तिने एक शोध लावला. पुंजक्याच्या बाजूला एक रेघ, तिच्या अलीकडे ठिपके दाट, पलीकडे एकदम कमी. तिने पुस्तकात वाचलं होतं, की अशी कड दिसली की ती धक्क्याच्या लाटेची असू शकते. सुट्टीला घरी जाऊन आली ती आंबापोळीचा डबाच घेऊन! आईने केलेली, जाड, वर साखर. सगळ्यांना वाटली, ऑफिसात नेऊन दिली, लायब्ररीत दिली.

आंबापोळी खाऊन झाल्यावर रेग्यांनी फोटो उघडला आणि त्यावर पट्टी ठेवली. कड पट्टीला लागून तंतोतंत सरळ.

कॅमेऱ्यात सेन्सरच्या चकत्या शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. दोन चकत्यांमध्ये फट असते. तिथे ठिपके कमी पडणारच! संपदाला सापडलेली धक्क्याची लाट म्हणजे ती फट.

पोरीचा चेहरा एवढासा झाला. सर तिच्याजवळ जाऊन बसले. "अगो, एक लक्षात ठेव. सरळ रेघ दिसली की आधी माणसाला धरायचं. देव फूटपट्टी वापरत नाही." मग त्यांनी तरुणपणी स्वतः लावलेल्या असल्या शोधांची यादी सांगायला घेतली. ती इतकी लांबली की शेवटी संपदाच हसायला लागली.

पुढे काही महिन्यांनी ती पुन्हा लॅबमध्ये आली, पण या वेळी दारातच उभी. "सर, एक कमान दिसतेय. पण मी पट्टी लावून बघितली, सरळ नाय. फटीपासून लांब हाय. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या फोटोतही थोडी वाटते."

सर बोलायच्या आत रेग्यांनी विचारलं, "आंबापोळी आणलीस?"

"नाय."

"मग खरं असेल."

*

आमच्याकडे आणखी एक नियम आहे. नवा फोटो उघडला की पहिली काही मिनिटं कोणी तोंड उघडायचं नाही. कारण रेगे. एकदा एका पुंजक्याकडे बघून ते म्हणाले, "बांगडा." बस्स! तेव्हापासून आजपर्यंत आम्हाला त्या फोटोत दुसरं काही दिसलेलं नाही. डोकं दिसतं, शेपूट दिसतं, सरांना तर त्याचे काटेही दिसतात. एकाने नाव उच्चारलं की सगळ्यांचे डोळे बाटतात. म्हणून नियम: सगळ्यांचं बघून होईपर्यंत गप्प बसायचं, आणि जो आकाराला नाव देईल त्याने सगळ्यांना बटाटेवडे आणायचे.

पुण्याहून एक मोठे शास्त्रज्ञ आमचं काम बघायला आले. सरांनी त्यांना समोर बसवलं, नवा फोटो उघडला आणि सवयीने आम्ही सगळे गप्प झालो. हात मांडीवर, नजर समोर. पाहुणे एकदा स्क्रीनकडे बघतात, एकदा आमच्याकडे. संपदा तर डोळे मिटून घेते अधूनमधून, नजर ताजी राहावी म्हणून. शेवटी पाहुणे माझ्याकडे झुकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "कोणी गेलंय का?"

मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांना हायसं वाटलं असावं. वातावरण हलकं करायला ते मोठ्याने म्हणाले, "अहो, हे बघा, हुबेहूब नारळाच्या झावळीसारखं दिसतंय!"

"वडे!" आम्ही चौघंही एका सुरात ओरडलो.

बिचाऱ्यांना वाटलं, ही कोकणातली स्वागताची पद्धत. हात जोडून तेही म्हणाले, "वडे!"

*

संपदाची आई थंडीत एकदा बाजाराला म्हणून रत्नागिरीत आली आणि लेक कुठे बसते ते बघायला वर आली. वडील मुंबईला कामाला, घरची भातशेती ही बाई एकटी बघते. खुर्चीवर बसेचना. सरांनी स्वतः खुर्ची पुढे केली तेव्हा टेकली.

संपदाने कमान उघडून दाखवली. माउलीने पदराने स्क्रीन पुसला, जवळ जाऊन बघितलं, लांब जाऊन बघितलं.

"काय हाय त्ये?"

"आये, ही अशी वळलेली कमान बघ. तीच माझं काम."

"हां हां. दिसतेय की! चांगली दिसतेय!"

मला राहवलं नाही. माझा स्वभावच मेला तसा! मी विचारलं, "कुठे दिसतेय, ताई?"

तिने बोट ठेवलं ते थेट खालच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर. संपदाने मान खाली घातली. सर खोकल्याचं निमित्त करून खिडकीशी गेले. पण ती बाई जराही शरमली नाही. माझ्याकडे वळून ठासून म्हणाली, "आमाला त्यातलं काय कळतंय, बाय? पन माजी पोर बोलतेय हाय, म्हंजे हाय!"

"झालं!" सर खिडकीतूनच म्हणाले. "मॅडम, आता करा सही!"

मी सही केली नाही. त्या दिवशी घरी आले ती सगळ्यांवर उगाच चिडचिड करत होते. मला ती कमान हवी होती हो! आणि मला हवी आहे, याच कारणाने माझा माझ्यावर विश्वास नव्हता.

*

त्याच थंडीत एका रविवारी सरांनी आम्हाला भाट्याच्या किनाऱ्यावर नेलं. ओहोटी होती. ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्या पसरलेल्या, मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या, जिकडे तिकडे. सर थांबले.

"मॅडम, बोला. नॉइज की स्ट्रक्चर?"

मी नीट बघितलं. इकडे दाट, तिकडे विरळ. मला काही ताळमेळ दिसला नाही. "नॉइज," मी म्हटलं. "वारा, लाटा, योगायोग. यात काही नाही."

"नक्की?"

"लिहून देते."

"हलू नका आता," सर म्हणाले. आम्ही उभे राहिलो. थोड्या वेळाने माझ्या पायाजवळच्या एका भोकातून नखाएवढा खेकडा बाहेर आला. इकडेतिकडे बघितलं, वाळू तोंडात घातली, तिची गोळी केली, मागे टाकली. पुन्हा एक गोळी. मग दुसऱ्या भोकातून दुसरा आला, मग तिसरा. आणि मग मला दिसायला लागलं, की प्रत्येक भोकापासून गोळ्यांच्या रांगा निघाल्यात, चारी बाजूंना, रांगोळीसारख्या. सगळा किनारा त्या रांगांनी भरला होता आणि मी त्यावरून चपला घालून चालत आले होते.

सर टाळ्या पिटत ओरडले, "विरजण मॅडम, तुमच्या नॉइजला पाय फुटले!"

आवाजाने सगळे खेकडे एका क्षणात आत. रेगे खाली वाकून बघत होते. म्हणाले, "खायच्या कामाचे नाहीत."

*

आता शेवटचा.

तोच पुंजका परदेशातल्या कोणीतरी मागच्या वर्षी पुष्कळ जास्त वेळ बघून ठेवला होता. मार्चमध्ये तो डेटा सगळ्यांसाठी उघडा झाला. जास्त वेळ म्हणजे जास्त ठिपके. कमान नॉइज असेल तर आता विरून जाईल, खरी असेल तर उठून दिसेल. सरांच्या रिटायरमेंटच्या आधीची ही शेवटची संधी, हे कोणी बोललं नाही, पण त्या आठवड्यात लॅबमध्ये कोणी वड्यांचं नावसुद्धा काढलं नाही.

आमच्याकडे अशा वेळी ओळख परेड असते. रेगे वीसेक फोटो तयार करतात. त्यातला एक खरा. बाकीचे कॉम्प्युटरने केलेले, त्यांत पुंजका तसाच पण कमान नाही, नुसता नॉइज. प्रत्येक फोटो वेगळ्या कोनात फिरवलेला, म्हणजे कमान कुठल्या बाजूला शोधायची तेही कळू नये. लॅबमध्ये दोरी बांधून कपड्यांचे चिमटे लावून सगळे टांगतात. मग एकेकाने आत जायचं, एकट्याने बघायचं, आणि खरा फोटो कुठला आणि त्यात कमान कुठे, ते कागदावर काढून घडी करून द्यायचं. आजवरच्या प्रत्येक परेडमध्ये सरांनी तीन तीन फोटो निवडून ठसठशीत गोल काढले आहेत, सगळे चुकीचे. आणि मी दर वेळी लिहिलंय, 'काही नाही.'

परेडला सर आणि मी, दोघंच. संपदाला आत जायची परवानगी नव्हती. ती बाहेर व्हरांड्यात कठड्याला धरून उभी होती.

आधी सर गेले. बराच वेळ आत होते. बाहेर आले तेव्हा डोळे पुसत होते. म्हणाले, "चष्मा काढून बघितलं की पाणी येतं हल्ली."

मग मी गेले. दोरीखालून एक फेरी मारली. ठिपके. दुसरी फेरी मारली, पुन्हा ठिपकेच. ही पोर मुंबईला जाईल, सर घरी बसतील, आणि माझ्या कागदावर पुन्हा 'काही नाही' असेल. दिसावी, दिसावी असं इतकं वाटत होतं की डोळेच नकोसे झाले. मग मी दारापर्यंत मागे गेले. इकडेतिकडे बघितलं. कोणी नव्हतं. आणि चष्मा काढला.

खालच्या ओळीत एका फोटोत ती होती. बाकी कशात नाही, त्या एकाच फोटोत. डावीकडे वर, अशी वळलेली. मी चष्मा घातला, काढला, पुन्हा घातला. ती जागची हलली नाही.

ती कागदावर काढली, घडी केली आणि रेग्यांच्या हातात दिली.

रेग्यांनी सगळ्यांना आत बोलावलं. संपदा दाराशीच थांबली. रेग्यांनी सरांच्या कागदाची घडी उघडली. उलटून मागची बाजू बघितली. पुन्हा पुढची बघितली.

"कोरा आहे," ते म्हणाले.

ज्या माणसाला बुरशीत तंतू दिसला, माझ्या खोट्या ठिपक्यांत टक्कर दिसली, त्याला काही दिसलं नाही! संपदाने ओठ दाबून धरला आणि हातातल्या ओढणीला गाठ मारत राहिली. सर खिडकीबाहेर बघत होते.

मग रेग्यांनी माझी घडी उघडली. कागद घेऊन दोरीपाशी गेले. फोटोशी लावून बघितला. मागचा नंबर बघितला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाचा आवाज चढलेला ऐकला.

"बरोबर! फोटो बरोबर, जागा बरोबर!"

संपदा माझ्या गळ्यात पडून हुंदके देऊन रडायला लागली. मीही रडत होते, विरजण मॅडम असून! रेग्यांनी पेन पुढे केलं, त्यांनी नव्या डेटाचं गणितही करून ठेवलं होतं आणि ते या वेळी स्वच्छ पार होत होतं. मी तिथेच, टेबलावर वाकून, सही केली.

डोळे पुसून झाल्यावर संपदा सरांकडे गेली. त्यांच्या पाया पडली, उठली, आणि लहान आवाजात म्हणाली, "पण सर, तुमाला खरंच नाय दिसली?"

सर शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत होते.

"दिसली ना गो," ते म्हणाले. "सगळ्याच फोटोंत दिसली! खूण कुठल्या एकावर करू?"